मथुरेचं शीड

जगात वजन तेवढं खरं, बाकी सगळं मत – हे महान वाक्य मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मांडीपर्यंत चिखलात उभा राहून उच्चारलं. त्याच क्षणी खाडीनं माझी डावी चप्पल गिळली. तिचं वजन मी केलेलं नव्हतं, त्यामुळे ती खरी होती की नव्हती, हे आता सांगता येत नाही.

वाक्य ऐकायला एकच माणूस हजर होता. गुणाजी सारंग. तो ओहोटीला कलंडलेल्या आपल्या होडीच्या पोटाखाली उताणा पडून बुडाला चिकटलेली कालवं खरवडत होता.

“काटेसायब,” तो खालून म्हणाला, “मत ऱ्हवांदे. ती बालदी हय सरकवा.”

मी बालदी सरकवली. वाघखोल बंदरात मला सगळे काटेसायब म्हणत. माझं आडनाव काटे नव्हतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर त्यांच्या घरचा चहा घ्यायचा नाही, एवढं माझं काम. गुणाजीच्या ओटीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं होतं आणि विचारलं होतं, “वजन किती?”

“ब्याऐंशी.”

“ऱ्हवा मग.”

या प्रश्नाचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले. गुणाजीनं मला स्वभावासाठी निवडलं असं मी समजत होतो. त्याला वाऱ्याच्या बाजूला होडीच्या काठावर बसून बाहेर झुकणारा एक ब्याऐंशी किलोचा माणूस हवा होता. स्वभाव चालून गेला.

होडीचं नाव मथुरा. सव्वीस फुटी, वय वर्षं चाळीस. गुणाजीच्या बापानं बांधली आणि आपल्या बायकोचं नाव दिलं. देवदिवाळीच्या जत्रेला वाघखोलात शिडाच्या होड्यांची शर्यत असायची: धक्क्यापासून खाडीच्या तोंडावरच्या बगळ्या खडकापर्यंत आणि परत. नऊ होड्या उतरायच्या. मथुरा गेली तीन वर्षं नववी येत होती. आदल्या वर्षी तर तिच्याही पुढे प्रेक्षकांची एक होडी निघून गेली होती, आणि त्यांनी शर्यतीत भाग घेतलेला नव्हता.

गुणाजीचा मुलगा दिगू मुंबईला गोदीत होता. मे महिन्यात येताना तो एक इंजिन घेऊन आला आणि बापाला म्हणाला, “बाबा, सगळ्या बंदरात आता यंत्र लागलां. या साली मथुरा पहिल्या तिनात इली तर मी इंजिन परत न्हेतंय. नाय इली तर डोलकाठी काढायची.”

“बरा,” गुणाजी म्हणाला होता. इंजिन अंगणात गोणपाटाखाली पडून होतं. कोंबड्या त्यावर अंडी घालत.

तर, डोलकाठी राहते की जाते, हा प्रश्न होता, आणि जत्रेला सहा आठवडे होते. मी खात्याची पितळी वजनं आणि हुकाचा काटा घेऊन कामाला लागलो. होडी हळू चालते कारण ती जड आहे, जड आहे ते मोजता येतं, मोजता येतं ते काढता येतं. माझं तर्कशास्त्र इतकं सरळ होतं की त्यावर पाणीही चालायला हवं होतं.

पहिल्यांदा कालवं. बुडावरून एकोणतीस किलो कालवं आणि खुबे निघाले. मग मथुरेला किनाऱ्यावर ओढून वीस दिवस उन्हात ठेवली. ओल्या लाकडात किती पाणी असतं ते तेव्हा कळलं. फळ्यांमधल्या फटींतला कुजका कापूस काढून नवा ठासला. बुडाला मुशी माशाचं तेल तीन हात दिलं. त्या वासामुळे माझ्याशी तालुक्याच्या कचेरीत कोणी आठवडाभर बोललं नाही. सुकाणूची फळी गुणाजीनं रंध्यानं तासून कडेला पातळ केली. होडीच्या तळाशी भारासाठी दगड होते, ते सगळे मी मोजले. अर्धे गेले आणि उरलेले दोन हात मागे सरकले, म्हणजे नाळ, होडीचं नाक, उचलली जाईल. दोन गंजके नांगर, एक मोडका पाटा, कोणाची तरी काठी. आणि डोलकाठीच्या बुडाशी देवांच्या तसबिरींची पेटी.

“साडेतीन किलो,” मी काटा बघून म्हणालो.

“देव वजन करून बघतास?” गुणाजीची बायको सत्यभामा धक्क्यावरून ओरडली. तिला सगळं गाव भामावयनी म्हणायचं, मीही.

“एकच देव ठेवला तर दोन किलो सातशे वाचतात, वयनी.”

“मग तुमी वायच कमी जेवा. चार देव वाचतीत.”

देव राहिले. तरीसुद्धा सहा आठवडे संपायच्या आत मथुरेतून दोनशे चौदा किलो उतरलं होतं. मी वहीत तो आकडा दोन रेघा मारून लिहिला.

मग आम्ही तिला पाण्यात घातली. वाऱ्याबरोबर सोडली तेव्हा ती अशी निघाली की गुणाजीच्या तोंडातून शिवीच निघाली. कोकणात आनंदाला तोच शब्द आहे. पण परत येताना वारा समोरून होता, आणि तिथे मथुरा जुनीच झाली. नाक वर करायची, अडखळायची, बाजूला सरकत सरकत जायची. बगळ्या खडक समुद्राकडे, आणि दुपारचा वारा समुद्राकडून. म्हणजे शर्यतीची पहिली अर्धी वाट वाऱ्यावर चढण्याची. तीच तिला जमत नव्हती.

“आणखी वीस किलो काढू,” मी म्हणालो.

 गुणाजी वर बघत होता. वर शीड होतं: मांजरपाटाचं, शाळेच्या चड्ड्या शिवणाऱ्या शिंप्यानं शिवलेलं. मधोमध त्याला पोट सुटलं होतं.

“वजनाचा नाय ता,” तेवढंच तो म्हणाला.

खरी गोष्ट मला भामावयनीनं मासे साफ करता करता सांगितली. गुणाजीला एक धाकटा भाऊ होता. तातोबा, तातू. होता म्हणजे होताच. त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, मध्ये भिंत घालून. एकोणीस वर्षांपूर्वी शर्यतीत बगळ्या खडकाला वळसा घालताना गुणाजी सुकाणूवरून ओरडला, “दोर सोड!” आणि तातूनं शिडाचा दोर तीन श्वास उशिरा सोडला. एका वल्ह्याच्या अंतरानं शर्यत गेली. उतरल्यावर गुणाजी चारचौघांत काहीतरी बोलला, त्यावर तातू काहीतरी बोलला, आणि पंधरा दिवसांत पंच वाटणीला बसले.

“घराची भिंत घातली. विहीर एकत्र. पण व्हडी कशी कापतलास?” वयनी म्हणाली. “मग पंचांनी डोक्या चलवल्यानी. व्हडी थोरल्याक, शीड धाकट्याक. म्हणाले, शिडाशिवाय व्हडी नाय आणि व्हडयेशिवाय शीड नाय, आठ दिवसांत गुमान येतीत एकमेकाच्या दारात.”

“आणि?”

“पाच पंच होते. चार मेले.”

ते शीड मी पाहिलं होतं, फक्त ते काय आहे हे माहीत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी कुंपणापलीकडच्या अंगणात एक वाळका माणूस तांबूस रंगाचं भलंमोठं कापड पसरायचा. एक कडा माडाला बांधायचा, दुसरी स्वतः ओढायचा. दुपारभर ऊन द्यायचा आणि पुन्हा आत न्यायचा.

“बघा, बघा,” गुणाजी आमच्या ओटीवरून म्हणायचा. “माका दाखयता. माझ्याकडे आसा, तुझ्याकडे नाय. एकोणीस वर्सां दर पंदरवड्याक दाखयता.”

मी सरकारी माणूस. मला वाटलं, दोन पक्षांमधला व्यवहार आहे, मध्यस्थ लागेल. मी कुंपण ओलांडून गेलो. तातू ओटीवर बसून दोऱ्याला मेण लावत होता. चेहरा गुणाजीचाच, पण कोणीतरी आतून थोडा काढून घेतल्यासारखा.

“शीड हवं होतं,” मी म्हणालो. “शर्यतीपुरतं.”

“कोणाक?”

“मथुरेला.”

त्यानं मेणाचा खडा खाली ठेवला. “तेका सांगा, येवन माग.”

मी परत आलो. गुणाजी म्हणाला, “तेका सांगा, घेवन येवन दी.”

मी पुन्हा गेलो. त्या दुपारी मी ते कुंपण सहा वेळा ओलांडलं. सहाव्या वेळी माझी विजार काट्यांत फाटली आणि वाटाघाटी थांबल्या.

शर्यतीला आठ दिवस उरले असताना गुणाजी, जणू सहज, सुकाणू पुसता पुसता म्हणाला, “ता शीड तातूच्या वजनावर बेतलेला. तो काठार झुकलो की शीड उभा ऱ्हवता. ब्याऐंशी भरलेलो तेव्हा.” थोड्या वेळानं, “आता किती आसात?”

मी अशा प्रश्नाची वाटच बघत होतो. दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानातला मोठा काटा तपासायचा होता. रांगेत तातू होता, हातात पिशवी. मी म्हणालो, “जरा यावर उभे राहा, काटा बघायचाय.” तो मुकाट्यानं उभा राहिला. मी वजनं चढवत होतो ती उतरवायला लागलो. पुन्हा उतरवली. मग मी त्याला उतरवून स्वतः उभा राहिलो. ब्याऐंशी. काटा बरोबर होता.

संध्याकाळी मी गुणाजीला मोठ्या विनोदानं सांगितलं, “तुमच्या भावाला आम्ही पकडलं. सेहेचाळीस किलो. दोनशे चौदा किलो आपण काढले म्हणून मिरवतोय, त्यानं गुपचूप छत्तीस काढलेत!”

“काटो चुकता,” गुणाजी म्हणाला.

“काट्यावर माझा शिक्का आहे.”

“मग शिक्को चुकता.”

 तो होडीची तीच एक फळी पुसत राहिला. कोरडी झाल्यावरही पुसत राहिला. मी वहीत लिहिलं: तातोबा सारंग, ४६. खाली रेघा मारल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला निरोप दिला. “तेका सांगा, दोराक माणूस नाय.”

“शीड दे, असं सांगू?”

“तसा नको. दोराक माणूस नाय, इतक्याच सांगा.”

मी तसंच सांगितलं. तातूनं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

“माणूस आसा,” तो म्हणाला. “वजन नाय.” मग हसला. “तुमी आसात ना ब्याऐंशी? बसा. दोर शिकवतंय.”

ओटीच्या खांबाला दोर बांधून त्यानं मला दोन दिवस शिकवलं. केव्हा ओढायचा, केव्हा बोटांतून सरकू द्यायचा. शेवटी म्हणाला, “बगळ्याच्या मागसून पाणी खडकाकडे ओढता. गुणोदादा खडक दिसलो की ‘सोड’ म्हणतलो. तुमी सोडू नकात. तीन श्वास मोजा, ओढीच्या पलीकडे जातलास, मग सोडा.”

“त्यांना सांगू?”

“नको. तेका सांगून एकोणीस वर्सां झाली.”

शर्यतीच्या सकाळी तो शिडाकडे घेऊन गेला. माळ्यावर नव्हे, त्याच्या खाटेशेजारी दुसऱ्या खाटेवर शीड ठेवलेलं होतं. एके काळी तिथे त्याची बायको झोपत असेल. दरवर्षी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवलेलं, म्हणून तो तांबूस रंग. टाके जिथे जिथे सैल झाले तिथे नवे, बारीक, मेणाच्या दोऱ्याचे. मी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्या एकोणीस वर्षांत एकाही उंदराला त्यात जागा मिळाली नव्हती.

“घडये दर पंदरवड्याक बदलूक लागतत,” तातू म्हणाला. “तीच घडी ऱ्हवली तर कापड थयच तुटता. म्हणून सुकत घालतंय.”

मी कुंपणाकडे पाहिलं. पलीकडच्या ओटीवरून हेच शीड कसं दिसतं, हे मला माहीत होतं. सांगावं असं वाटलं, पण निघायची घाई होती.

“न्हेवा. मी दिलंय असा सांगू नकात, तुमी न्हेलास असा सांगा. पण सांजेक परत होया. भिजलेला नको. आणि तेका सांगा,” त्यानं शिडावरून हात फिरवला, “घडये घालूक दोन माणसां लागतत. आदी बायल धरी. ती गेली, आता माडाक बांधतंय. माड बरो, नाय म्हणत नाय. पण माड चलत पुढे येवन आपला टोक आपल्या हातात देणा नाय.”

शीड नेण्याआधी मी सवयीनं हुकाला लावलं. अडतीस किलो.

शर्यत दुपारी तीनला सुटली. मी वाऱ्याच्या बाजूला काठावर बसून बाहेर झुकलो होतो आणि देवांना, साडेतीन किलो असूनही, हाका मारत होतो. जुनं शीड चढलं आणि मथुरा एकदम गप्प झाली. आधी ती पाण्यात आपटत चालायची. आता पाणी तिच्याखालून नुसतं कापलं जात होतं, सुरीखालच्या कलिंगडासारखं. आम्ही वाऱ्यावर चढत होतो. एक होडी मागे पडली, दुसरी पडली. गुणाजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होता, मीही तेच समजलो. बगळ्या खडक दिसला तेव्हा आम्ही चौथे होतो.

“सोड!” गुणाजी ओरडला.

मी एक श्वास मोजला.

“सोड रे! खडकार जातलंव!”

दोन. दोर तळहातात कापत गेला.

“तातू, सोड!”

तीन. मी सोडला. शीड मोठ्यानं फडकलं, भरलं, आणि मथुरा खडकामागच्या त्या काळ्या ओढीच्या बाहेरून इतकी हलकेच वळली की मला वाटलं, कोणीतरी हातानं वळवली. शेजारची होडी ओढीत सापडून दोन गिरक्या घेत मागे राहिली.

मी गुणाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी बसलो होतो त्या जागेकडे बघत होता.

आम्ही दुसरे आलो. धक्क्यावर पोरांनी दोर कापून शीड पाण्यातच उतरवलं, गुणाजीला खांद्यावर घेतलं, मलाही घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. जत्रेला आलेला दिगू खरंच इंजिनावरची कोंबडी हाकलून म्हणाला, “न्हेतंय, बाबा, परत.” वयनीनं साखर वाटली.

दिवेलागणीला मी गुणाजीला तातूची अट सांगितली. शीड परत, वाळवून, आणि घडी घालायला दुसरा माणूस तुम्ही.

तो उठला. निथळणाऱ्या शिडाशी गेला, कुंपणाच्या फटीपर्यंत गेला आणि थांबला.

“आज भिजलेला आसा,” तो म्हणाला. “आता काय सुकाचा? मी सकाळी आंघोळ करून जातंय. घडये आमी दोघा घालतंव.” मग माझ्याकडे वळला. “तुमी शब्द दिलास सांजेचो. पोचवा. पण तेका सांगा, हात लावू नको, गुणाजी सकाळी येता म्हणून.”

मी जत्रेतले दोन गडी घेतले आणि ते ओलं ओझं तातूच्या ओटीवर नेऊन टाकलं. तातू आत झोपला होता. धक्क्यावर बांगडे तळत होते, त्यांचा वास ओटीपर्यंत येत होता. झोपलेल्या माणसाला उठवू नये, ही माझ्या आयुष्यातली एकमेव सभ्यता, ती मी नेमकी त्या दिवशी वापरली. उद्या सकाळी कळेलच, असं म्हणून मी परत फिरलो.

“सांगितलास?” गुणाजीनं विचारलं.

“सांगितलं,” मी म्हणालो. बांगडे फार चांगले झाले होते.

सकाळी गुणाजी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाला. भामावयनीनं एका ताटलीत घावणे झाकून दिले. मी ओटीवर दात घासत होतो. तो कुंपणाच्या फटीतून एकोणीस वर्षांनी पलीकडे गेला आणि थोड्या वेळानं तिकडून जी हाक आली, ती माणसाला मारायची असते तशी नव्हती.

तातू उजाडताच उठला असणार. ओटीवर टाकलेलं ओलं शीड त्याला दिसलं असणार, आणि सोबत कोणी नाही हे दिसलं असणार. त्यानं ते अंगणात ओढत आणलं होतं. एक कडा माडाला नीट बांधलेली होती. दुसरी त्याच्या हातात होती. तो शिडावर पालथा पडला होता, अर्ध्या उघडलेल्या घडीवर.

तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, पोटात आधीच सगळं पसरलं होतं, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न होता. दोन-तीन महिने म्हणजे चार ते सहा वेळा शीड वाळत घालणं. हा हिशेब मला तेव्हाच सुचला आणि तो मी कोणाला सांगितला नाही.

लोक त्याला न्यायच्या गडबडीत असताना मी एक गोष्ट केली. का केली ते विचारू नका. मी हुकाचा काटा आणला आणि दोघांना धरायला लावून ते शीड मोजलं. एकाहत्तर किलो. मथुरेतल्या देवांपासून कालवांपर्यंत सगळ्याचं वजन मी केलं होतं. ओल्या शिडाचं करायचं राहिलं होतं.

तेरावा झाला. त्यानंतरच्या सकाळी मी रजेवरून परतलो तर खाडीतून धडधड ऐकू आली. मथुरेची डोलकाठी धक्क्यावर आडवी पडली होती, आणि दिगू काळ्या हातांनी इंजिनावर वाकला होता.

“दुसरी आली होती ना होडी?” मी भामावयनीला विचारलं.

“दिगून पन ताच इचारल्यान. म्हणालो, बाबा, मी परत न्हेतंय. हे म्हणाले, बसय.” ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. “इंजिन काय आज मिळूक लागला? धा वर्सां मिळता. घेतल्यानी नाय. इंजिन बसवल्यानी आसता तर शीड कित्या मागूक लागला आसता? आणि शीड नको, तर तातूभावजींच्या दारात जाऊक निमित्त काय?” तिनं तोंडावरून पदर फिरवला. “आता बसवल्यानी तरी काय.”

मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलो. गुणाजी तातूच्या अंगणात होता. शीड उन्हात पसरलेलं होतं, कोरडं, तांबूस. माडाला काही बांधलेलं नव्हतं. मधोमध एका जुन्या घडीवर कापड जरासं विरलं होतं, तिथे तो बोट फिरवत होता.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. पुढे तीस वर्षं मी लोकांची खिल्ली उडवणारे लेख लिहिले, शब्दांची मला कधी अडचण पडली नाही. पण ती वाक्यं मी इतक्या वेळा घोटली की अजून पाठ आहेत. निरोप मी दिला नव्हता. तुम्ही येणार आहात हे त्याला कळलंच नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

“गुणाजी,” मी म्हणालो, “त्या संध्याकाळी मी...”

त्यानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांवर ऊन होतं, हात आडवा धरून बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून शिडाची एक बाजू उचलली.

“ता मागसून, काटेसायब,” तो म्हणाला. “आदी ह्या टोक धरा. आणि मी सांगलंय की चलत माझ्याकडे येवा. मातयेक लावू नकात.”